शाळेचे गुण बाईंच्या गोपनीय अहवालात कसे गेले? (क्षेत्रनिहाय मूल्यमापन : तुमचे अनुभव हवेत)

पायवाट | ३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी २६ वर्षं गेली, त्यातली शेवटची ७ केंद्रप्रमुख म्हणून. एक गोष्ट फार दिवस सलतेय, म्हणून हा धागा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये शाळासिद्धी आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाळेचं काम सात क्षेत्रांत वाटलेलं, त्यात मिळून ४६ गाभामानकं, प्रत्येक मानकाला तीन स्तर (१ सगळ्यात खालचा, ३ सगळ्यात वरचा). साधनसुविधा, अध्ययन-अध्यापन, मुलांची प्रगती, शिक्षकांचा विकास, शाळेचं नेतृत्व, समावेशन-आरोग्य-सुरक्षितता आणि लोकसहभाग. आधी शाळेने स्वतःचं मूल्यमापन करायचं, मग बाहेरचं पथक येणार. मला चौकट मनापासून आवडली होती. शाळेने आपणच ठरवायचं की आधी कुठे हात घालायचा, आणि त्यावरून सुधारणेचा आराखडा करायचा, असं त्यात होतं.

तर एका वाडीवर बाह्य मूल्यमापनाला गेलो. पट १९. शाळा कागदावर दोनशिक्षकी, पण दुसरे गुरुजी बदलीने गेले ते गेलेच. कुंपणभिंत नाही, रॅम्पला कठडा नाही, स्वच्छतागृह आहे पण पाणी खालच्या विहिरीवरून आणायचं. पहिल्या क्षेत्रात सगळ्यात जास्त, म्हणजे १२ मानकं. भराभर स्तर १ टाकत गेलो.

मग वर्गात बसलो. पहिली ते चौथी एकत्र. भिंतीला दोरी, दोरीवर चिमट्यांनी लावलेली जुन्या कॅलेंडरची पानं. पाठकोऱ्या बाजूला एकेका मुलाचं नाव. दर शनिवारी मूल बाईंजवळ बसून वाचतं, आणि जिथे अडतं तो शब्द बाई तारीख घालून त्या पानावर लिहितात. तिसरीतला एक मुलगा माझा हात धरून त्याच्या पानाशी घेऊन गेला. 'प्रश्न', 'स्वच्छ', 'उद्या' या तीन शब्दांवर रेघ मारलेली होती. म्हणाला, "हे आता येत्यात. ह्यो एकच राह्यलाय." राहिलेला शब्द होता 'मूल्य'.

दुसऱ्या क्षेत्रात मी स्तर ३ दिला. पण आमच्याकडे सगळ्याची बेरीज झाली, बेरजेची उतरंड लागली आणि ती यादी तालुक्याच्या बैठकीत वाचली गेली. वाडीची शाळा तळाला. मार्चनंतर शिक्षकांच्या वर्षभराच्या कामाचे गोपनीय अहवाल लिहायला बसलो तेव्हा तीच यादी समोर होती. बाईंना मी 'ब' लिहिलं. कुंपण बाईंनी बांधायचं नसतं हे मला माहीत होतं, तरी लिहिलं.

आता स्क्वाफ ही शाळांच्या गुणवत्ता मूल्यांकनाची नवी चौकट आलीय, त्यात १२८ मानकं. नव्या लोकांना प्रशिक्षणात काहीतरी सांगावं लागेल. म्हणून विचारतो: संस्था, योजना आणि माणूस यांना एकाच क्षेत्रांच्या तक्त्यात मोजावं का? तुमच्या खात्यात काय होतं?

रुईचा कापूस | ३ जुलै, रात्री १०:०२

वाचतेय. ते कॅलेंडरचं पान डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

पाळीतली सिस्टर | ३ जुलै, रात्री ११:२५

पायवाट सर, आमच्याकडे रुग्णालयांना एनक्वास आहे, म्हणजे सरकारी रुग्णालयांची राष्ट्रीय गुणवत्ता मानकं. मी ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. आमची क्षेत्रं आठ: सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, साहाय्यक सेवा, प्रत्यक्ष उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि निष्पत्ती. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २. प्रमाणपत्रासाठी ७० टक्क्यांची अट.

मला त्यातलं सगळ्यात पटलेलं सांगते. प्रत्येक मुद्द्यासमोर लिहिलेलं असतं की तो तपासायचा कसा: डोळ्यांनी बघून, कर्मचाऱ्याला विचारून, रेकॉर्ड काढून, की रुग्णाशी बोलून. त्यामुळे नुसती फाइल पुढे करून भागत नाही. आमच्या मूल्यमापनाला आलेल्या मॅडमनी मला फारसं विचारलंच नाही. त्या सरळ सफाईच्या मावशींकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एक टक्क्याचं हायपोक्लोराइट करून दाखवा." मावशींनी हातमोजे चढवले, बादलीतलं पाणी मापलं, द्रावण केलं आणि वर सांगितलं, "हे रोज ताजं करायचं, कालचं चालत नाही." मग मॅडम वॉर्डातल्या बाळंतिणीच्या खाटेवर टेकल्या आणि विचारलं, बाळाला दूध कधी पाजलं, कुणी शिकवलं.

आता दुसरी बाजू. पार्टोग्राफ म्हणून एक तक्ता असतो, कळा सुरू झाल्यावर बाईची प्रगती त्यावर वेळच्या वेळी मांडायची. गाडी अडतेय हे त्या रेषेवरून कळतं आणि वेळेत पुढे पाठवता येतं. रात्रपाळीला एक सिस्टर आणि दोन बाळंतपणं एकदम आली की तो तक्ता बाळ झाल्यावर भरला जातो. मीही भरलाय. रेकॉर्डमध्ये २ पैकी २. त्या कागदाचा त्या बाईला काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून मी वरिष्ठांना म्हटलं, यात मला गुण कापा पण दुसरी सिस्टर द्या. दुसरी सिस्टर अजून आलेली नाही.

पण सर, एनक्वासचे गुण विभागाला मिळतात, मला नाही. माझा गोपनीय अहवाल वेगळा. तुमच्या बाईंच्या बाबतीत या दोन गोष्टी एक झाल्या, घोळ तिथेच आहे असं मला वाटतं.

हेमाडपंती | ४ जुलै, सकाळी ७:१०

सिस्टर, दंडवत. मावशींनाही.

सरळ रेषा | ४ जुलै, सकाळी ९:३३

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये. मी खाजगी क्षेत्रात आहे, गावाकडच्या भाच्या झेडपीत शिकतात. मला ४६ काय आणि १२८ काय, हा सगळा पसारा वाटतो. एकच क्षेत्र ठेवा: मुलाला वाचता येतं का, हिशेब येतो का. येत असेल तर बाई उत्तम, नसेल तर कारणं नकोत. कर आम्ही भरतो, निकाल दिसला पाहिजे.

पायवाट | ४ जुलै, सकाळी ९:५८

राग कसला. तुमच्या भाच्यांना वाचता आलंच पाहिजे, त्यात दुमत नाही.

उसाचं पाचट | ४ जुलै, दुपारी १:१५

@सरळ रेषा, आमच्या भागात या. बीडकडचा तालुका. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुलं आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर. परत येतात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला. ३१ पटाच्या माझ्या वर्गात जानेवारीत १२ मुलं असतात. हंगामी वसतिगृह चाललं तर आजीजवळ थोडी मागे राहतात, त्यासाठी ऑक्टोबरात आम्ही घरोघर फिरतो. "पोरगी ठेवा, जेवणाचं आम्ही बघतो" म्हणून हातापाया पडतो. माझ्या शेजारणीने एका वर्षी ९ मुली थांबवल्या. एप्रिलच्या वाचन चाचणीत तिच्या वर्गाचा आकडा खाली गेला, कारण थांबलेल्या मुली कच्च्या होत्या! न थांबवता जाऊ दिल्या असत्या तर आकडा वर दिसला असता. तुमचं एकच क्षेत्र ठेवलं तर पुढच्या वर्षी ती दारोदार कशाला फिरेल?

सरळ रेषा | ४ जुलै, दुपारी १:४२

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मान्य. मग मूल सुरुवातीला कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं, तेवढा फरक मोजला तर?

जर्सीकर मास्तर | ४ जुलै, रात्री ८:०५ (तुमच्या घड्याळाने)

फरक मोजण्यावरून बोलतो, कारण त्यातून मी गेलोय. न्यू जर्सीत सरकारी शाळेत गणित शिकवतो, मूळचा साताऱ्याचा. इथे २०१२ च्या कायद्यानंतर शिक्षकाचं मूल्यमापन बदललं. राज्याच्या परीक्षेत तुमच्या मुलांची वाढ त्यांच्यासारख्याच गुणांच्या इतर मुलांच्या तुलनेत किती झाली, हे काढून त्याचा हिस्सा शिक्षकाच्या गुणांत धरायचे. भाषा आणि गणिताच्या ठरावीक इयत्तांच्या शिक्षकांसाठी तो एका टप्प्यावर ३० टक्के होता. नंतर २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला. कारण वर्ग लहान, दोन मुलं आजारी पडली की आकडा हलतो. माझाच आकडा दोन वर्षांत इकडचा तिकडे झाला, शिकवणं तेच होतं.

उरलेला मोठा भाग वर्गनिरीक्षणाचा. माझ्या जिल्ह्यात शार्लट डॅनियल्सन या शिक्षणतज्ज्ञांची चौकट वापरतात. चार क्षेत्रं: पूर्वतयारी, वर्गाचं वातावरण, प्रत्यक्ष शिकवणं आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या. त्यात २२ घटक. यातली मधली दोन क्षेत्रं वर्गात बसून दिसतात, पहिलं आणि चौथं दिसत नाही, त्यासाठी निरीक्षकाला माझ्याशी आधी आणि नंतर बसून बोलावं लागतं. म्हणजे कुठलं क्षेत्र कुणाला, कुठून दिसतं, हे आधी ठरलेलं. सिस्टरताईंनी सांगितलं तसंच हे. पायवाट सर, तुमच्या तक्त्यात १२ साधनसुविधांची मानकं गेटातून आत येताना दिसतात. बाईंचं काम दिसायला बसावं लागतं. तुम्ही बसलात म्हणून दिसलं.

निवृत्त कक्ष अधिकारी | ४ जुलै, रात्री १०:४८

मी ३४ वर्षं मंत्रालयात काढली. किती गोपनीय अहवाल हाताखालून गेले याची गणती नाही, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी स्वयंमूल्यमापन, मग अहवाल लिहिणारा प्रतिवेदन अधिकारी, मग तो तपासणारा पुनर्विलोकन अधिकारी, असे तीन हात लागतात. पूर्वी प्रतिकूल शेरा असेल तरच कर्मचाऱ्याला कळवत. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल समजत नसत, म्हणून कळवतही नसत. सीमा रस्ते सेवेतले एक कार्यकारी अभियंता देव दत्त यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. एका वर्षाचा शेरा 'चांगला', आणि बढतीला लागत होता 'फार चांगला'. बढती गेली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की शेरा कोणताही असो, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येते. मी तो निकाल छापून टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

पायवाट, तुम्ही बाईंना 'ब' लिहिलंत त्याचे परिणाम पुढे चालत राहतात. १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी, दोन्ही वेळी मागचे अहवाल निघतात. त्यांना प्रत मिळाली का? मुदतीत अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्ध लेखी दाद, केलं का? नसेल केलं तरी पुनर्विलोकन अधिकाऱ्याकडे तुम्ही स्वतः लेखी जाऊ शकता की शेरा कशाच्या आधारे लिहिला आणि तो आधार चुकीचा होता. लिहिणाऱ्याने स्वतः चूक कबूल केल्याची प्रकरणं माझ्या कारकिर्दीत बोटावर मोजण्याइतकी. पण त्यांची दखल घेतली जाते.

आणि उलटा रोगही सांगतो. खरं लिहिलं की भांडण, म्हणून सगळ्यांना 'अ+'. माझ्या शाखेत एका वर्षी १४ पैकी १३ जण अत्युत्कृष्ट होते. जो एक नव्हता, तो रजेवर होता. मग खरंच राबणाऱ्या बाईमाणसाला वेगळं काय देणार?

रुईचा कापूस | ४ जुलै, रात्री ११:०१

काका, तो रजेवरचा परत आल्यावर काय म्हणाला?

निवृत्त कक्ष अधिकारी | ४ जुलै, रात्री ११:०६

म्हणाला, "साहेब, पुढच्या वर्षी रजा नको." :)

आकडेमोडे | ५ जुलै, सकाळी ८:२०

फुटपट्टी बदलली की काय होतं याचं राज्याच्या पातळीवरचं उदाहरण. केंद्राचा शालेय शिक्षणाचा कामगिरी निर्देशांक, पीजीआय. २०२०-२१ मध्ये १००० पैकी महाराष्ट्र ९२८, केरळ आणि पंजाबसुद्धा ९२८. तेव्हा पाच क्षेत्रं, ७० निर्देशक. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती आली, क्षेत्रं सहा झाली, निर्देशक ७३, गुणांचं वाटप बदललं. महाराष्ट्र ५८३. एका वर्षात राज्यातल्या मुलांचं वाचन इतकं घसरलं का? अजिबात नाही. पण बातम्यांचे मथळे 'घसरगुंडी'चेच होते. क्षेत्रनिहाय आकडे पाहिले असते तर उपयोग झाला असता, पाहिली गेली ती बेरीज.

ओसाडगावचा प्राध्यापक | ५ जुलै, सकाळी १०:५५

आमच्या उच्च शिक्षणाची जखम दाखवतो. २०१० च्या नियमांत युजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामगिरीचा निर्देशांक, आणलं. शिकवणं, सहशैक्षणिक काम आणि संशोधन असे तीन गट आणि प्रत्येकाचे गुण. तिसऱ्या गटाचे गुण पदोन्नतीला कळीचे. मग काय, पैसे भरा आणि निबंध छापा अशी नियतकालिकं गल्लोगल्ली उगवली. २०१८ मध्ये पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यापीठांनी शिफारस केलेली १००९ नियतकालिकं तपासली, त्यातली ८८ टक्के दर्जाहीन निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात युजीसीने आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून ४३०५ नावं काढली.

माझे एक ज्येष्ठ सहकारी होते, मराठीचे. दर बुधवारी कॉलेज सुटल्यावर पहिल्या पिढीच्या मुलांना अर्ज कसा लिहायचा, बँकेत काय बोलायचं, हे शिकवत. पंधरा वर्षं. कुठल्याच रकान्यात ते बसलं नाही, म्हणून ते सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभाला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती.

उसाचं पाचट | ५ जुलै, दुपारी १२:३०

सर, वाचून गलबलून आलं.

चावडीवरची बाई | ५ जुलै, दुपारी ३:१८

सगळे तोट्याचंच बोलताहेत, म्हणून माझ्या शाळेची चांगली गोष्ट. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या स्पर्धेत आम्ही उतरलो होतो. २०२४ च्या पहिल्या टप्प्यात १०० पैकी ६० गुण विद्यार्थिकेंद्रित उपक्रमांना होते. दुसऱ्या टप्प्यात गुण १५० झाले: पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या ध्येयधोरणांच्या अंमलबजावणीला ७४, शैक्षणिक संपादणुकीला ४३.

आमच्या गावात शाळेची ग्रामसभा म्हटलं की आठ टाळकी. स्पर्धेचं कळल्यावर गवंडी आला, त्याने हात धुण्याचं बेसिन फुकट बांधलं. भजनी मंडळाने भिंत रंगवली. कुंभाराच्या सूनबाईंनी मुलांना मातीकाम शिकवलं, त्या आजही येतात. फोटो चढवायला गावात रेंज नाही, तर आम्ही दोघी रात्री नऊला बिरोबाच्या टेकडीवर मोबाइल धरून उभ्या. नंबर आला नाही. पण बेसिन आहे, मातीकाम आहे. लोकसहभागाचं क्षेत्र तक्त्यात नसतं तर आम्हाला ते सुचलंही नसतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. योजनेला आणि शाळेला क्षेत्रांचा फायदा होतो. माणसाला त्याच तक्त्याने मोजू नका, एवढंच.

हेमाडपंती | ५ जुलै, दुपारी ४:००

अवांतर: आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी दिपोटी (डेप्युटी, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब) येत. गावात आधी दोन दिवस सारवण-पोतेरं. एकदा दिपोटींनी एका पोराला विचारलं, "सांग, गुरुजी रोज किती वाजता येतात?" पोरगं म्हणालं, "गुरुजी हितंच राहत्यात, येतील कुठनं?" गुरुजींचं बिऱ्हाड शाळेच्या पडवीत होतं. दिपोटींनी त्या रात्री त्याच पडवीत मुक्काम केला आणि सकाळी मुलांबरोबर प्रार्थनेला उभे राहिले.

पाळीतली सिस्टर | ५ जुलै, रात्री १०:१५

हेमाडपंती, मुक्काम करणारे साहेब आम्हालाही पाठवा. रात्रपाळीला.

सरळ रेषा | ६ जुलै, सकाळी ९:१२

दोन दिवस वाचतोय आणि माझं मत बदललंय, हे नोंदवतो. पण एक शंका राहते. माणसाला वेगळं मोजायचं म्हणता, तर 'रॅम्प नव्हता', 'पट कमी होता' या आडोशाला न शिकवणारेही लपतील. त्यांचं काय?

जर्सीकर मास्तर | ६ जुलै, सकाळी १०:४०

रास्त शंका. माझं उत्तर: जे शिक्षकाच्या हातात आहे तेवढंच घ्या, पण ते पूर्ण घ्या. कुठलं मूल कुठे अडलंय हे त्याला सांगता येतं का? नाव घेऊन विचारा. ज्याला येत नाही त्याला रॅम्पचा आडोसा मिळणार नाही. पायवाट सरांच्या बाईंना १९ पैकी १९ सांगता आले असते.

आकडेमोडे | ६ जुलै, सकाळी १०:५२

+१. यातून मला सुचलेलं: मानक तेच ठेवा, फक्त प्रत्येकापुढे 'हे कुणाच्या हातात' असा एक रकाना जोडा. वाडीच्या शाळेचं कुंपण ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेच्या खात्यावर जाईल. स्तर १ त्यांच्या नावावर.

पायवाट | ६ जुलै, रात्री ९:२०

सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येकाला वेगळं लिहिणं झालं नाही, क्षमस्व.

कक्ष अधिकारी काका, तुमचा प्रतिसाद वाचून काल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी दिलं. तो शेरा कोणत्या यादीवरून लिहिला आणि वर्गात प्रत्यक्ष काय पाहिलं, दोन्ही. त्यांनी ठेवून घेतलंय, आवक क्रमांक मिळाला. बाईंना प्रत मिळाली होती, पण त्यांनी अभिवेदन केलं नव्हतं. फोनवर म्हणाल्या, "सर, 'ब' म्हणजे चांगलीच ना? मी तसंच समजले." त्यांची निवडश्रेणी पुढच्या वर्षी आहे.

आकडेमोडे, तुमचा रकाना मी माझ्या केंद्रातल्या ११ शाळांच्या तक्त्यात पेनाने आखला. ४६ मानकं घेऊन बसलो तेव्हा पहिल्या क्षेत्रातली बारापैकी बहुतेक शिक्षकाच्या हाताबाहेरची निघाली. वापर आणि निगा तेवढी त्याची. प्रशिक्षणात हाच तक्ता दाखवणार आहे. आणि पथकाने तक्ता उघडण्याआधी एक तास वर्गात बसायचं, सिस्टरताईंच्या मॅडमसारखं मुलांना आणि मदतनीस ताईंना विचारायचं, हेही मांडतो. वरून मान्य होईल न होईल, माझ्या केंद्रात होईल.

रुईचा कापूस | ६ जुलै, रात्री ९:३१

सर, तो तिसरीतला मुलगा? 'मूल्य' आलं का त्याला?

पायवाट | ६ जुलै, रात्री ९:४४

तो आता सातवीला आहे, खालच्या गावात. बाईंना विचारलं, तर त्यांनी त्याचं पान अजून ठेवलंय, फोटो पाठवला. 'मूल्य' वर रेघ आहे. तारीख, मी गेलो त्याच्या पुढच्या शनिवारची.